पोत्यावरचा टॅग आणि ‘भागीदारी’ हा शब्द

महत्त्वाच्या खनिजांच्या करारांत ‘धोरणात्मक भागीदारी’ हा शब्द इतका वापरला जातो, की त्याचा अर्थ विचारायचं आपण सोडूनच दिलंय. आज आम्ही एकच उदाहरण नीट बघणार आहोत.

कोल्टन हे खनिज घ्या. त्यातून टँटलम मिळतं, आणि आपल्या खिशातल्या मोबाइलमधल्या कपॅसिटरना ते लागतं. पूर्व काँगोत रुबाया इथं त्याच्या मोठ्या खाणी आहेत. माणसं हातानं खणतात. युरोपियन युनियननं ऑक्टोबर २०२३ मध्ये काँगोशी भागीदारी केली आणि १९ फेब्रुवारी २०२४ ला शेजारच्या रवांडाशीही. त्याच वर्षी एम२३ बंडखोरांनी रुबाया घेतलं. तिथला माल चोरून रवांडात नेऊन तिकडच्या मालात मिसळतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं नोंदवलं. बंडखोरांना रवांडाचा पाठिंबा असल्याचंही म्हटलं. रवांडा ते नाकारतो. म्हणजे बघा, लुटला जातो एक भागीदार आणि माल पोचतो दुसऱ्याकडे!

युरोप म्हणतो, करारात माल कुठून आला हे तपासायची तरतूद आहे. खाणीवर पोत्याला टॅग लागतो, तोच पुढे चालतो. आमचा आक्षेप नेमका इथं आहे. न्यायदर्शनात शब्द प्रमाण मानलाय, पण कुणाचा? आप्ताचा; जो वस्तू जशी आहे तशी जाणतो आणि तशीच सांगू इच्छितो त्याचा. टॅग हाही शब्दच, बरं का. माल आपल्याच देशातला ठरण्यात ज्याचा फायदा, त्याच्याच हातात टॅग असेल तर तो आप्त कसा? ‘पारदर्शकता’ दहा वेळा लिहून हे सुटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये गोमा शहर पडलं, आणि पुढच्याच महिन्यात युरोपीय संसदेनं करार स्थगित करण्याची मागणी केली. कराराला वर्षही झालं नव्हतं.

‘मग काय चीनच्या मर्जीवर राहायचं?’ प्रश्न रास्त आहे. २०१० साली चीनकडून दुर्मिळ मृदा खनिजं अडली, तेव्हा जपाननं ऑस्ट्रेलियाच्या लायनास कंपनीत पैसा घातला, शुद्धीकरण मलेशियात. तिथंही कचऱ्यावरून स्थानिकांचा विरोध झालाच. पण माल मुळात कुणाचा, हा वाद नव्हता.

आणि आपण? ‘काबिल’ या आपल्या सरकारी कंपनीनं जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनाच्या काटामार्का प्रांतात लिथियमचे पाच ब्लॉक घेतले. बातम्यांत हेक्टर आले, कोटी आले. पण प्रदेश कोरडा आणि लिथियम खाऱ्या पाण्यातलं. ते काढताना तिथल्या गावांच्या पाण्याचं काय, हे विचारलेलं आम्ही तरी फारसं ऐकलं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.