काचेचे डोळे, कापसाचे डोळे

‘देह ठेवणे’ हा मराठीतला एक विलक्षण वाक्प्रचार आहे. अमक्या महाराजांनी देह ठेवला असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांनी तो सोडला असा अर्थ असतो. इथे ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. ओझे खाली ठेवून पुढे निघून जाणे. काशीत हा अर्थ रोज डोळ्यांसमोर असतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात होळकरांच्या अहिल्याबाईंनी बांधवलेल्या घाटावर बसले की एका अंगाला मणिकर्णिका आणि दुसऱ्या अंगाला हरिश्चंद्र, अशी दोन स्मशाने दोन्ही बाजूंना असतात. मधून नदी वाहते. इथे कुणी काही ठेवून घेत नाही.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात या घाटाच्या वरच्या गल्लीत, कैक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून येऊन राहिलेल्या एका घरी, कपाटावरच्या काचेच्या पेटीत पेंढा भरलेला तितर पाहिला, तेव्हा नजर अडखळली. मान उंचावलेली, चोच किंचित उघडी, एक पाय पुढे. पिसांचा रंग उडालेला, पण काचेचे डोळे मात्र नव्यासारखे चकचकीत. यजमान म्हणाले, “आजोबांनी मिर्झापूरकडच्या रानात मारलेला. नेम होता त्यांचा.” त्यांच्या वृद्ध आत्या आतून म्हणाल्या, “मारलेला कसला? पाळलेला होता तो. पहाटे सगळी गल्ली उठवायचा. थंडीत गेला, म्हणून आप्पांनी भरून घेतला.” दोघेही खोटे बोलत नव्हते. आणि पेटीतला तितर दोघांनाही सारखीच साक्ष देत होता.

मला हा घरगुती वाद वाङ्मयीन वाटतो. प्राण्याविषयी जे लिहिले जाते, त्यातले पुष्कळसे अशाच पेटीत बसलेले असते. ते हुबेहूब असते, जिवंत भासते, आणि तो प्राणी आपल्याकडे कसा आला हे सांगत नाही.

मेलेला पक्षी ठेवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली या पेटीतली: कातडे सोलायचे, आतून सोमलाचा साबण लावायचा, तारेच्या सांगाड्यावर पेंढा, काथ्या, कापूस यांचे शरीर घडवायचे, काचेचे डोळे बसवायचे आणि एखादा क्षण निवडून त्यात पक्ष्याला कायमचा उभा करायचा. दुसरी रीत अभ्यासकांची. मुंबईत 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कपाटांत अशी हजारो कातडी आहेत. त्यांना पवित्रा नसतो. पंख मिटलेले, पाय एकावर एक, पक्षी खणात उताणा निजवलेला. डोळ्यांच्या जागी कापूस, आणि पायाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी: ठिकाण, तारीख, नर की मादी, कुणी मिळवला. ही कातडी जिवंत असल्याचा आव आणत नाहीत. मेलेला पक्षी मेलेलाच दिसतो, आणि कसा, कुठे, कुणाच्या हातून, याची नोंद त्याच्या पायाशी असते.

सालिम अली यांचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे 1985 सालचे आत्मचरित्र मला या दुसऱ्या जातीचे पुस्तक वाटते. त्यातला सुरुवातीचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. खेतवाडीतल्या मामांच्या घरी वाढणारा पोरका मुलगा एअरगनने चिमण्या मारतो. त्या खाण्यासाठीच असतात. एकीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसतो. ही आपली नेहमीची चिमणी की दुसरे काही, ही खायला चालेल का, अशी शंका येते. मामांच्या सांगण्यावरून तो ती घेऊन सोसायटीत जातो. तिथले सचिव मिलर्ड ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगतात आणि एकेक खण उघडून पक्ष्यांची कातडी दाखवतात. भारतीय पक्षिशास्त्रातल्या एका मोठ्या आयुष्याची ही सुरुवात आहे.

हा प्रसंग आपण गोष्टीसारखा सांगतो: एक चिमणी मेली आणि एक शास्त्रज्ञ जन्मला. म्हणजे आपण तिच्यात पेंढा भरतो. पुस्तकात तो इतका गोंडस नाही. त्याच पुस्तकात त्या वयातली आणखी एक नोंद आहे. घरट्यात मादी, बाहेर राखणीला नर. मुलाने नर मारला. मादीने थोड्याच वेळात दुसरा मिळवला. तोही मारला. सात दिवसांत आठ नर. लेखक हे लपवत नाही, त्यावर अश्रूही ढाळत नाही. पोरवयातली नोंद पुढच्या अभ्यासकाला उपयोगी आहे एवढ्याच भावनेने तो ती समोर ठेवतो. वाचकाला हे वाचताना त्रास होतो आणि तो व्हायलाच हवा. आठ या आकड्याने जे होते, ते ‘मी लहानपणी निर्दय होतो’ या कबुलीने झाले नसते. कबुलीत लेखक मोठा होतो. आकड्यात चिमण्या मोजल्या जातात.

आपल्याकडच्या शिकारकथेचा घाट याच्या उलट आहे. मचाण, रात्र, पानांची सळसळ, हिरवे डोळे, एक गोळी, मग फुटपट्टी आणि छायाचित्र. जनावर कथेत शिरते तेव्हाच त्याचा पवित्रा ठरलेला असतो: झेपावणारे, जबडा उघडलेले. भिंतीवरची मुंडकी आणि या कथा एकाच कारखान्यातून निघाल्यासारख्या वाटतात. गंमत अशी की या कथांत ससा, तितर, लावा यांना जागा नाही. ते मधल्या एका वाक्यात मारले जातात आणि पुढच्या वाक्यात शिजतात. ज्यांच्यावर बंदूक सर्वांत जास्त चालली, त्यांची गोष्ट सर्वांत कमी लिहिली गेली.

व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा नाद होता, म्हणून त्यांचा प्रवास महत्त्वाचा आहे. ‘नागझिरा’त ते बंदूक न घेता जंगलात जाऊन राहतात. त्या पुस्तकात नाट्य जवळजवळ नाही; आज काय दिसले, काय दिसले नाही, पायवाट कशी होती, एवढेच. 1983 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांतला सत्तेचा झगडा आहे, पिल्लांची हत्या आहे. मात्र कुठेही प्राण्याला माणसाच्या सोयीचा पवित्रा दिलेला नाही. अर्थात आक्षेप घेता येईल: वानरांच्या राजकारणात वाचक माणसांचे राजकारण वाचतोच, शीर्षकही तिकडेच खुणावते, मग हेही काचेचे डोळेच नव्हेत का? मला वाटते, काही अंशी आहेत. पण वानर वानरच राहतील एवढे अंतर माडगूळकर राखतात. रूपक वाचकाने बांधावे. लेखक ते तारेने आत बसवत नाही.

हुबेहूबपणाचा मोह काय करतो, हे आपल्या गोठ्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. वासरू मेले की त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवायचे. ती ते चाटते आणि पान्हा सोडते. ‘पेंढा भरणे’ हा शब्दप्रयोग आपण संग्रहालयातून शिकलो नाही. म्हणूनच त्याला फसवणुकीचा वास आहे. पेंढा भरलेले ते वासरू म्हशीसाठी नसते, चरवीसाठी असते. प्राण्यांवरचे हळवे लेखन वाचून माझे डोळे भरून येतात, तेव्हा मला हे वासरू आठवते. माझा पान्हा कुणी काढते आहे काय?

हा सरसकट निवाडा नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2009 साली सुरू झालेल्या केंद्रात डॉ. संतोष गायकवाड यांनी मृत वन्यप्राण्यांची जी कामे केली, ती शिकारीतून आलेली नाहीत; तिथे प्राणी आधी मरतो आणि मग कारागीर येतो. आजच्या या कलेत पेंढाही राहिलेला नाही. आतले सगळे शरीर घडवलेले असते. प्राण्याचे म्हणावे असे मुख्यतः कातडेच. तरीही अशा वाघासमोर उभ्या राहिलेल्या मुलाला त्याची उंची आणि पंजाची रुंदी कळते, जी कुठल्याही पडद्यावर कळत नाही. फक्त त्याच्या पायाशी एक पाटी हवी: हा कुठे राहिला, कशाने मेला. ती असेल तर काचेचे डोळेही चालतील.

साहित्याकडूनही मी एवढेच मागतो. जिवंतपणाचा भास निर्माण करणे हे लेखकाचे काम आहेच; त्यावाचून नुसती यादी उरेल. पण भासाच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असावी. हे मी पाहिले, हे ऐकले, हे मारले, हे मला माहीत नाही.

त्या तितराकडे परत येतो. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत जतन केलेला प्राणी, मग तो रानातला असो की पिंजऱ्यातला, ‘ट्रॉफी’च ठरतो. म्हणजे कायद्याच्या शब्दाला आजोबांचा नेम आणि आत्यांची पहाट यांतला फरक कळत नाही. पेटीलाही कळत नाही. तो फरक फक्त आत्यांपाशी आहे, आणि त्या नव्वदीला टेकल्या आहेत.

निघताना मी यजमानांना म्हटले, एक चिठ्ठी लिहून पेटीत ठेवा. ते हसले. “काय लिहू? आमचं दोघांचं जमत नाही.” मी म्हटले, दोन्ही लिहा. आत्यांनी कागद मागवला, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीत, मारला की पाळला याच्याही आधी, त्याचे नाव लिहिले. यजमानांनी ते वाचले. त्याला नाव होते, हे त्यांना सत्तर वर्षांत कुणी सांगितले नव्हते.