नकाशाच्या टेबलाशी चालक : १९१२ च्या प्यूजो गाडीचा पुनर्विचार

आत येताना दारातच एका ज्येष्ठ ताईंनी मला अडवलं. म्हणाल्या, "सेवाग्रामात शर्यतीच्या गाडीवर व्याख्यान? इथं तर चरख्यावर बोलतात." मी म्हटलं, ताई, शेवटी चरख्यावरच येणार आहे, पण जरा फ्रान्समधून वळसा घालून. तेव्हा तेवढा धीर धरा.

आधी गाडीची ओळख करून देतो. फ्रान्समधल्या प्यूजो कंपनीनं १९१२ साली ग्राँ प्रीसाठी एक गाडी उतरवली. ग्राँ प्री म्हणजे शब्दशः थोरलं बक्षीस. गाडीचं नाव एल-७६, कारण इंजिन ७.६ लिटरचं. चार सिलिंडर, प्रत्येकाला चार व्हॉल्व्ह, आणि ते उघडायला डोक्यावर दोन कॅमशाफ्ट. आज चाकणला तयार होणारी ड्यूक ३९० ही मोटरसायकल घ्या. सिलिंडर एकच, पण चार व्हॉल्व्ह आणि वर दोन कॅमशाफ्ट, ही मांडणी तीच. आणि ती बनवणाऱ्या बजाज कंपनीचं मूळ घराणं कुठलं, हे वर्धेकरांना मी सांगायला नको.

आता या मांडणीत एवढं काय होतं? इंजिन म्हणजे एक चूल आहे असं समजा. चुलीत नुसती लाकडं कोंबून जाळ वाढत नाही, वारा लागतो. त्या काळचे मोटारवाले काय करत, तर चूलच मोठी करत. फियाटची त्या वर्षीची गाडी १४ लिटरची होती, आणि चाकांना ताकद सायकलसारखी साखळीनं जायची. प्यूजोनं चूल निम्मी ठेवली आणि वाऱ्याची वाट मोठी केली. दोन मोठ्या व्हॉल्व्हऐवजी चार लहान बसवले, की हवा आत-बाहेर व्हायला जागा जास्त मिळते. शिवाय प्रत्येक व्हॉल्व्ह हलका, म्हणून तो झटकन मिटतो आणि इंजिन जास्त फेरे घेऊ शकतं. एक कॅमशाफ्ट आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, दुसरा बाहेर सोडणाऱ्यांचा. त्यामुळे व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना तिरपे बसवता आले आणि मधोमध स्पार्क प्लगला जागा झाली. ठिणगी मध्ये पडली की जाळ सगळीकडे सारखा पोचतो.

जून १९१२ मध्ये दिएप या गावाजवळ शर्यत झाली. दोन दिवस, दीड हजार किलोमीटरच्या वर, आणि तीही सार्वजनिक रस्त्यांवर. पहिल्या दिवशी फियाटवाला डेव्हिड ब्रूस-ब्राऊन पुढे होता. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या जागेबाहेर पेट्रोल भरल्याबद्दल तो बाद झाला. जिंकला प्यूजोचा जॉर्ज ब्वालो, आणि दुसरा आला फियाटचा लुई वाग्नर. इथं एक गोष्ट विसरू नका. प्यूजोच्या तीन गाड्या सुटल्या होत्या, निकालात राहिली एकच. म्हणजे ही काही निर्दोष गाडी नव्हती. तिच्यातला विचार मात्र पक्का होता.

पुढच्या वर्षी ज्यूल गू अमेरिकेत गेला आणि इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जिंकून आला. ती जिंकणारा तो पहिला युरोपीय. त्याच १९१३ च्या ग्राँ प्रीत इंधनावर मर्यादा आली : १०० किलोमीटरला २० लिटर, त्यापेक्षा जास्त नाही. तिथं ५.६ लिटरच्या प्यूजो पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. चूल लहान झाली, तरी जाळ कमी झाला नाही.

आता माझा खरा मुद्दा. ही गाडी केली कोणी?

सांगितली जाते ती कथा अशी. ब्वालो, गू आणि पाओलो झुक्कारेल्ली हे तीन चालक. त्यांच्या जोडीला एर्नेस्ट आंरी नावाचा जिनिव्हाचा एक नकाशे काढणारा. कंपनीच्या मालकांपैकी रोबेर प्यूजो यांनी त्यांना मोकळीक दिली. कंपनीतले पदवीधर अभियंते चिडले आणि त्यांनी या चौघांना नाव ठेवलं 'शार्लाताँ', म्हणजे आपल्याकडचे भोंदू. मग भोंदूंनी शर्यत जिंकली आणि पंडितांची तोंडं बंद झाली.

कथा ऐकायला छान आहे. सेवाग्रामात तर टाळ्याच पडतील, कारण हातानं काम करणारा जिंकला. पण मला ही कथा अर्धीच पटते. दोन कारणं सांगतो.

एक, डोक्यावरचा कॅमशाफ्ट काय किंवा जास्त व्हॉल्व्ह काय, यातलं सुटं काहीच या चौघांनी शोधलेलं नाही. ते आधी होतं. त्यांनी ते एकत्र नांदवलं. आणि नांदवायला नुसता अनुभव पुरत नाही, कागदावर माप धरता यावं लागतं. ते आंरीला येत होतं. चालकाला जाणवतं की चढावर इंजिनचा दम कोंडतोय. पण तो दम किती मिलिमीटरनं मोकळा होईल, हे रेषेत उतरवणारा माणूस वेगळा.

दोन, श्रेयाचा वाद. झुक्कारेल्ली आधी हिस्पानो-सुइझा कंपनीसाठी गाडी चालवायचा. १९१० साली तिथं त्यानं मोठी शर्यतही जिंकली होती. तिथले अभियंता मार्क बिर्किग्ट यांच्या कल्पना त्यानं प्यूजोत नेल्या, असा आरोप पुढे झाला. इतिहासकार अजून भांडतायत : गाडी आंरीची, की बिर्किग्टची, की चालकांची? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. आपल्याला प्रत्येक यंत्राला एक बाप हवा असतो. एल-७६ चं वैशिष्ट्य असं, की जो गाडी वापरणार आणि जो ती रेखाटणार, ते दोघं एकाच टेबलाशी बसले. पंडितांचं चुकलं ते ज्ञानात नाही. चालकाला त्या टेबलाशी खुर्ची असू शकते, हेच त्यांना मान्य नव्हतं.

विजयाच्या कथेत एक गोष्ट बाजूला राहते. जून १९१३ मध्ये चाचणी घेताना झुक्कारेल्ली मेला. रस्त्यावर आलेल्या शेतकऱ्याच्या गाडीवर त्याची मोटार आदळली, आणि शेजारी बसलेला मेकॅनिकही गेला. टेबलाशी चालक होता, पण ज्याच्या रस्त्यावर ही चाचणी चालायची तो शेतकरी नव्हता. टेबल मोठं झालं होतं, पुरेसं मोठं झालं नव्हतं.

आणि १९१४? लिआँची शर्यत, ४ जुलै. मर्यादा साडेचार लिटरची. प्यूजोनं चारही चाकांना ब्रेक लावले होते, तरी मर्सिडीजच्या गाड्या पहिल्या तिन्ही आल्या. त्या लोकांनी रस्ता आधीच येऊन बारकाईनं अभ्यासला होता. ब्वालो एकटा झुंजत राहिला आणि शेवटच्या फेरीत त्याची गाडी मोडली. महिन्याभरात महायुद्ध पेटलं. १९१६ मध्ये तो विमानातून लढताना मारला गेला. गाडीचा विचार मात्र मेला नाही. अमेरिकेत एक मोडकी प्यूजो हॅरी मिलरच्या कारखान्यात दुरुस्तीला आली. तिथं मिलर आणि फ्रेड ऑफेनहाउझर यांनी ती खोलली आणि खोलता खोलता शिकले. त्यांच्या इंजिनांचं घराणं इंडियानापोलिसला १९७६ पर्यंत जिंकत होतं. दुरुस्ती ही शाळा असते, हे नई तालीमच्या गावात मी वेगळं सांगत नाही.

आता ताई, चरख्याकडे येतो.

आपल्याकडेही एक ग्राँ प्री झाली होती. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी बघा. किंमत १५० रुपयांच्या आत. खेड्यातल्या झोपडीत हातानं किंवा पायानं चालावा. बाईला फार कष्ट न होता आठ तास काम करता यावं. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. वीस वर्षं टिकावा, आणि दुरुस्तीचा खर्च वर्षाला किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. ग्राँ प्रीच्या कुठल्याही नियमापेक्षा या अटी मला जास्त सुंदर वाटतात. शर्यत एकच विचारते, पहिला कोण? इथं विचारलं होतं, परवडेल कोणाला, दुरुस्त करील कोण, दमेल कोण?

किर्लोस्करवाडीतूनही यंत्र तयार झालं. पण बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पुढे तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी अंबर चरखा केला, तो स्वातंत्र्यानंतर.

आपण नेहमी म्हणतो, अटीच अवघड होत्या. असतील. पण माझी तक्रार दुसरी आहे, आणि ती आदरानं करतो. त्या अटींमध्ये सूत काततणारी बाई आहे, तिचा दम मोजलाय, तिच्या झोपडीचा विचार आहे. पण ती अटीत आहे, टेबलाशी नाही. तिच्यासाठी यंत्र मागवलं गेलं. तिला बरोबर घेऊन ते रेखाटा, असं अटींत कुठं म्हटलेलं नाही. फ्रान्समध्ये प्रश्न लहान होता, पण उत्तर शोधणाऱ्यांत वापरणारा होता. इथं प्रश्न फार मोठा होता, आणि वापरणारी बाहेर उभी होती.

इथं अभियांत्रिकीची मुलं बसली आहेत, म्हणून हे सगळं. बाहेर पडलात की दोन्ही बाजूंना कापूस दिसेल. ओटी बांधून तो वेचणाऱ्या बाया दिसतील. वेचणीचं यंत्र करू, असं तुमच्यातल्या कुणाच्या तरी मनात येईलच. जरूर करा, आणि माप धरायला नीट शिका, कारण आंरीशिवाय ब्वालोची गाडी झाली नसती. पण पहिली रेघ मारण्याआधी त्यांच्यातल्या एकीला टेबलाशी बसवा, आणि तिला त्या दिवसाची मजुरीही द्या. तिचा दिवस बुडवून घेतलेला सल्ला फुकटचा नसतो.

एवढंच. प्रश्न असतील तर घेऊ. ताई, पहिला तुमचा.