लख्ख चित्र, हरवलेला धबधबा
पौडच्या घरी माळ्यावरचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम आम्ही नव्या टीव्हीला जोडला. मारिओ आडवा फुगलेला, कडा विस्कटलेल्या. यंत्र बिघडले म्हणून भाऊ ते भंगारात काढू लागला. यंत्र निर्दोष होते. त्याचे चित्र जेमतेम २५६ × २४० ठिपक्यांचे. ते दर वेळी पूर्ण येते, पण अनेक नवे टीव्ही त्याला निम्म्या-निम्म्या ओळींचे प्रक्षेपण समजून सांधू पाहतात. पडदा ४:३ वर ठेवला आणि मध्ये ओळी दुप्पट करणारे उपकरण लावले, की चित्र लख्ख होते.

माझा आक्षेप या लख्खपणालाच सर्वस्व मानण्यावर आहे. सेगाच्या १९९१ सालच्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधला धबधबा उभ्या पट्ट्यांनी रंगवलेला आहे. पिवळ्या पिनेच्या वायरीतून येताना त्या पट्ट्या एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक दिसे. स्वच्छ जोडणीत नुसत्या पट्ट्या उरतात. म्हणजे तो पुसटपणा दोष नव्हता, चित्राचाच भाग होता. म्हणून सुधारणा जोखताना कडा किती धारदार झाल्या एवढेच पाहू नये. पाणी पाण्यासारखे दिसते का, तेही पाहावे. आणि माळ्यावरचा डबा टीव्ही भंगारात देण्याआधी त्यावर एकदा तो खेळ लावून बघावा.