भातशेती, डास आणि रोग : एका सोप्या सूत्राची तंजावरच्या आधारे चिकित्सा

प्रस्तावना

'पर्यावरण आणि रोगप्रसार यांचा संबंध स्पष्ट करा' हा वैद्यकीय भूगोलातील नेहमीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तरही जवळपास ठरलेले आहे. उष्ण व दमट हवामान, साचलेले पाणी व भातशेती यांमुळे डास वाढतात. डासांमुळे हिवताप, हत्तीरोग व मेंदूज्वर पसरतात. या उत्तराला गुण मिळतात. पण ते अपुरे आहे, आणि काही ठिकाणी ते आपल्याला चुकीच्या निष्कर्षावर नेते, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

त्यासाठी आपण तंजावर जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. तेथे १६७६ च्या सुमारास भोसल्यांची सत्ता स्थापन झाली व १८५५ पर्यंत टिकली. सरस्वती महाल ग्रंथालय व बृहदीश्वर मंदिरातील मराठी शिलालेख आपल्याला ठाऊक असतात. येथे मात्र आपण तंजावरचे पाणी पाहणार आहोत. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भात, पाणी आणि उष्णता या तिन्ही गोष्टी भरपूर आहेत. सूत्र खरे असेल, तर डासांमुळे होणारे सगळे रोग येथे सर्वत्र सारख्याच जोराने आढळायला हवेत. तसे आढळत नाही.

१. सूत्र आले कोठून?

हिपॉक्रॅटिसच्या नावावर असलेल्या 'हवा, पाणी आणि स्थळे' या ग्रंथापासून रोगाचा संबंध स्थळाशी जोडला जातो. एकोणिसाव्या शतकात भारतातील इंग्रज वैद्यकीय अधिकाऱ्यांनी याच धर्तीवर प्रदेशांची आरोग्यविषयक वर्णने लिहिली. दलदल, कुजणारी वनस्पती व त्यातून निघणारी दूषित हवा हे त्यांच्या मते तापाचे कारण होते. १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी पाहिले आणि दूषित हवेची कल्पना मागे पडली. विचाराची घडण मात्र तीच राहिली. पूर्वी दोष दलदलीच्या हवेला दिला जाई, आता तो दलदलीतील डासाला दिला जाऊ लागला. दोन्ही वेळा दोषी ठरली ती जमीनच. आपल्या पाठ्यपुस्तकांतील सूत्र या घडणीतून आलेले आहे.

२. जुने पाणी आणि नवे पाणी : पट्टुक्कोट्टै

तंजावरच्या जुन्या त्रिभुज प्रदेशात कल्लणै बंधाऱ्याच्या पाण्यावर शतकानुशतके भात पिकत आला आहे. तरीही तेथे हिवतापाचा मोठा जोर नव्हता. १९३४ मध्ये मेट्टूर धरण पूर्ण झाले आणि कल्लणैपासून काढलेल्या नव्या कालव्याने जिल्ह्याच्या दक्षिणेकडील पट्टुक्कोट्टै तालुक्याला पाणी मिळू लागले. पाण्यापाठोपाठ तेथे हिवतापही आला.

रॉकफेलर फाउंडेशनचे अमेरिकन हिवतापतज्ज्ञ पॉल रसेल यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात येथे काम केले. १९३८ मधील त्यांच्या एका लेखाच्या शीर्षकातच हिवतापाचे कारण म्हणून सदोष व गबाळ्या सिंचनाचा उल्लेख आहे. शीर्षकात 'सिंचन' एवढाच शब्द नाही, त्याला दोन विशेषणे जोडलेली आहेत, याकडे लक्ष द्या. पाझरणारे कालवे, भरावासाठी माती काढल्याने पडलेले खड्डे, निचऱ्याअभावी चिबड झालेल्या जागा आणि गरजेपेक्षा जास्त सोडलेले पाणी या गोष्टींकडे असे काम आपले लक्ष वळवते. तेथील हिवतापाचा वाहक अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस हा डास स्वच्छ, उघड्या व ऊन लागणाऱ्या पाण्यात अंडी घालतो. अशा जागा त्याला आयत्या मिळाल्या.

रसेल आणि टी. रामचंद्र राव यांचे आणखी एक निरीक्षण आपल्या सूत्राला थेट छेद देते. खाचरातील भाताची रोपे साधारण एक फूट उंच झाली की हा डास तेथे अंडी घालणे जवळपास थांबवतो. उभ्या रोपांचा त्याला अडथळा होतो. म्हणजे भाताचे खाचर लावणीनंतरचे काही आठवडे धोक्याचे असते, संपूर्ण हंगामभर नव्हे. 'भातशेती म्हणून हिवताप' असे लिहिताना आपण कोणत्या महिन्यातील भाताविषयी बोलत आहोत, हे सांगावे लागेल. हेच राव पुढे पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे संचालक झाले.

३. भात भरपूर, पण जपानी मेंदूज्वर कमी

जपानी मेंदूज्वराचा मुख्य वाहक क्युलेक्स विष्णुई गटातील डास आहे. तो भातखाचरातच वाढतो, त्यामुळे येथे तरी सूत्र लागू पडेल असे वाटते. तामिळनाडूच्या कडलूर व विलुप्पुरम या भागांत या रोगाचे उद्रेक झालेले आहेत. पण तंजावरच्या ग्रामीण मुलांमध्ये, विस्तीर्ण भातशेती असूनही, या विषाणूच्या संसर्गाचे प्रमाण कमी असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

त्याचे स्पष्टीकरण गुरांमध्ये शोधले गेले. हा विषाणू डुकरांच्या व बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांच्या शरीरात झपाट्याने वाढतो व तेथून पुन्हा डासांकडे जातो. गाई-बैलांना डास चावतात, पण त्यांच्या रक्तात विषाणू पुरेसा वाढत नाही आणि साखळी तेथेच तुटते. तंजावर भागात डुकरांच्या तुलनेत गुरांची संख्या फार मोठी होती. डासांची बरीचशी भूक गुरांवरच भागत असावी.

हे स्पष्टीकरणही तपासून घ्यायला हवे. गुरांचे प्रमाण आणि संसर्ग यांचा मेळ दिसला, म्हणून कारण सिद्ध झाले असे होत नाही. गुरांमुळे डासांना रक्त अधिक मिळते व त्यांची संख्या वाढूही शकते. पण एवढे नक्की की केवळ भातशेतीचा नकाशा पाहून या रोगाचे भाकीत करता येत नाही. गोठ्यात काय बांधले आहे, हेही पाहावे लागते. आणि बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, तर न बदललेल्या खाचराचा अर्थही बदलू शकतो.

४. कुंभकोणमची गटारे

याच परिसरातील कुंभकोणम हे गाव हत्तीरोगासाठी फार पूर्वीपासून ओळखले जाते. येथील वाहक क्युलेक्स क्विन्क्विफॅसिएटस हा डास आहे. त्याला घाण पाणी लागते, म्हणजे तुंबलेली गटारे, उघडे शोषखड्डे, सांडपाण्याची डबकी. या रोगाचा भाताशी संबंध नाही. तो नगररचनेचा व सांडपाण्याचा प्रश्न आहे.

आता तिन्ही रोग शेजारी ठेवा. हवामान एक, नदी एक. पण हिवतापाला नव्या कालव्याचे स्वच्छ पाझरपाणी लागते, मेंदूज्वराला खाचराचे पाणी व जवळ डुकरे आणि हत्तीरोगाला गावाचे सांडपाणी. 'साचलेले पाणी' हा शब्द या तिन्ही पाण्यांना एकच समजतो. सूत्राची पहिली चूक ही आहे.

५. सिद्धान्त कोठे कमी पडतात?

विसाव्या शतकातील वैद्यकीय भूगोलाने ही चूक अंशतः सुधारली. जॅक मे यांनी १९५० च्या सुमारास रोगकारक घटक व भौगोलिक घटक यांची सांगड घातली. पुढे मेलिंडा मीड यांनी निवासस्थान, लोकसंख्या आणि वर्तन असा त्रिकोण मांडला. मलेशियातील नव्या शेतवसाहतींवर त्यांनी स्वतः काम केले होते, त्यामुळे विकासयोजना रोगाचे चित्र बदलतात हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्रिकोणाचा मोठा फायदा हा की माणूस केवळ बळी न राहता रोगाच्या कारणांत सामील होतो.

तरीही पट्टुक्कोट्टैचा कालवा या त्रिकोणात कोठे ठेवायचा? निवासस्थानात ठेवला तर तो निसर्गाचा भाग वाटू लागतो. वर्तनात ठेवला तर ते वर्तन कोणाचे? मच्छरदाणी न वापरणाऱ्या शेतकऱ्याचे, की निचऱ्याशिवाय पाणी सोडणाऱ्या यंत्रणेचे? त्रिकोणाचे तीन कोन निर्णय कोणी घेतला हे सांगत नाहीत आणि कालव्याआधीचे व नंतरचे गाव वेगळे दाखवत नाहीत. विद्यार्थी त्रिकोण काढतात, बाण दाखवतात, आणि जबाबदारी बाणांमध्ये हरवते.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. रोगाचे कारण 'पर्यावरण' असे लिहिले की उपाय गावकऱ्यांच्या गळ्यात पडतो : पाणी साचू देऊ नका, जाळ्या वापरा. कारण 'निचरा नसलेला कालवा' असे लिहिले, तर प्रश्न पाटबंधाऱ्याच्या अंदाजपत्रकाला विचारावा लागतो.

समारोप

पर्यावरणाचा रोगावर परिणाम होत नाही, असे या चिकित्सेतून सिद्ध होत नाही आणि तसे म्हणायचेही नाही. डासाला पाणी लागतेच. पण कोणते पाणी, कोणत्या महिन्यात, कोणत्या जनावरांच्या शेजारी आणि कोणाच्या निर्णयाने, हे सांगितल्याशिवाय 'पर्यावरण' हा शब्द काहीच स्पष्ट करत नाही. परीक्षेत पुन्हा तोच प्रश्न आला, तर निदान एका गावाचे पाणी नाव घेऊन लिहा.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या तालुक्यातील एका कालव्याची पाहणी करा. पाझर, खड्डे व चिबड जागा नकाशावर दाखवा. त्यांच्या देखभालीची जबाबदारी कोणाची आहे?

२. भंडारा-गोंदियातील भातपट्टा आणि गडचिरोलीतील जंगलपट्टा यांतील हिवतापाचा अभ्यास एकाच सूत्राने करता येईल का? कारणे द्या.

३. मीड यांच्या त्रिकोणात 'काळ' व 'निर्णय' हे घटक कसे समाविष्ट करता येतील? पट्टुक्कोट्टैच्या आधारे आकृती काढून चर्चा करा.