रानतेरड्याचा एकेरी थाट

अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली नर्मदेकाठी, सातपुड्याच्या कुशीत आहे. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात सर्वांत आधी शिरलं ते या गावात. काठाची कसदार माती आणि शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं. वर राहिले ते डोंगरउतार. अशाच उतारांवर पावसाळ्यात रानतेरडा फुलतो, आणि अंगणात लावायला त्याच्याहून देखणं रोप मला माहीत नाही.

रोपवाटिकेतला गच्च पाकळ्यांचा दुहेरी तेरडा नव्हे, रानातला एकेरी. त्याचं सौंदर्य पाहायचं तर आधी वाकायला हवं, कारण फुलं पानांच्या बगलेत, खाली लवून बसतात. दातेरी कडांची लांबट पानं, पाणीदार गुलाबी देठ आणि मध्येच ती गुलाबी-जांभळी फुलं. फूल वळवून मागे पाहा: एका निदलाची बारीक, बाकदार नळी झालेली असते. मध त्या नळीच्या टोकाशी. लांब सोंडेचं फुलपाखरू तिथवर पोचतं, तेव्हा वरच्या पुंकेसरांच्या टोपीतले परागकण त्याच्या अंगाला लागतात. ही टोपी गळून पडल्यावरच आतलं स्त्रीकेसर उघडं होतं. आधी द्यायचं, मग घ्यायचं, असा या फुलाचा क्रम आहे. दुहेरी तेरड्यात पाकळ्यांच्या गर्दीत ही सगळी रचना झाकली जाते. मला तो म्हणूनच कमी प्रतीचा वाटतो.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण एका फुलापुरती खरी. झाडावर मात्र आठवडेच्या आठवडे नवी फुलं येत राहतात. भाद्रपदात कित्येक घरी याच रोपांची गौर बसते, तीही ऐन बहरात.

लावणं सोपं आहे. लवदार बोंडं फुगली, की हलकेच मुठीत धरून तोडावीत. जरा उशीर झाला, तर स्पर्शासरशी बोंडाच्या पाच फाका आत वळतात आणि तपकिरी बिया दूर उडतात. पहिल्या पावसात, पाणी साचत नाही अशा जागी बिया पेराव्यात, वरून मातीचा पातळ थर द्यावा. खताचा सोस नको, पानंच माजतात. पाऊस सरला की रोप मरतं, पण गळलेल्या बिया पुढच्या जूनमध्ये आपोआप रुजतात.

डोंगरावरून आणायच्या त्या मूठभर बियाच. रोप उपटू नका.