उशिराची दाद आणि यमुनाबाई

यमुनाबाई वाईकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला १९९५ साली. तेव्हा त्या ऐंशीच्या उंबरठ्यावर होत्या. पद्मश्री मिळाली २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी. या दोन सालांवरून त्यांची कारकीर्द ‘उशिरा फळली’ असे म्हणण्याची रीत पडली आहे. ती मला पटत नाही.

अमेरिकेतला सोल गायक चार्ल्स ब्रॅडली वर्षानुवर्षे जेम्स ब्राउनची नक्कल करीत गात होता. त्याचा पहिला अल्बम आला २०११ मध्ये, साठी उलटल्यावर. तिथे ‘उशिरा’ हा शब्द शोभतो. स्वतःचा गळाच त्याला उशिरा वापरता आला. यमुनाबाईंचे तसे नव्हते. १९१५ साली कोल्हाटी समाजात जन्मलेल्या या बाईंची यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी पुरस्कारांच्या कितीतरी आधी जाणकारांत नावाजलेली होती. बदलला तो सरकारदरबार. ज्या तमाशावर स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने बंदी घातली, त्याच परंपरेला पुढे मानपत्रे मिळू लागली.

मानपत्राबरोबर सभागृह आले, आणि अडचण तिथे आहे. बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते. एकच ओळ ती पुन्हा पुन्हा घेते आणि दर खेपेला अर्थ फिरवते: आधी रुसवा, मग विनवणी, मग टोमणा. तो फिरतो भुवईतून, मनगटातून, पदराच्या टोकातून. ठुमरीशी तिचे जवळचे नाते; यमुनाबाईंच्या गाण्यावर बिरजू महाराजांनी अदा केली ती उगाच नव्हे. पण ही अदाकारी चार हातांवर बसून ओळ परत मागणाऱ्या रसिकासाठी घडलेली आहे. विसाव्या रांगेतल्या माणसाला त्यातले काय दिसणार?

आम्ही शिरड शहापूरकडचे लोक लावणी ऐकतो ती माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत. ढोलकी, शिट्ट्या, धूळ. त्या गर्दीला नावे ठेवत नाही, मीही तिच्यातलाच. मात्र फडावरची तीच लावणी असे आम्ही धरून चाललो, म्हणून बैठकीतली बाई आम्हाला कळली ती वर्तमानपत्रातल्या पुरस्काराच्या बातमीतून.

यमुनाबाई मे २०१८ मध्ये गेल्या. ध्वनिमुद्रणांत त्यांचा गळा शाबूत आहे. पण तीच ओळ चौथ्यांदा आली, की नुसत्या कानांना ती पुनरुक्ती वाटते.