दलाली कुणी भरायची? ‘शेवटी भाडेकरूच भरतो’ या युक्तिवादाची तपासणी

दलालीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘कुणीही भरली तरी शेवटी बोजा भाडेकरूवरच पडतो, मग वाद कशाला?’ वाक्य हुशार वाटतं, कारण ते पुस्तकातून आल्यासारखं दिसतं. पैसे ज्याच्या हातून जातात त्याच्यावर कराघात, आणि झळ ज्याच्या खिशाला बसते त्याच्यावर करभार. न्यूयॉर्कमध्ये ११ जून २०२५ पासून ‘ज्यानं एजंट नेमला त्यानंच पैसे द्यायचे’ हा कायदा लागू झाला, तेव्हा विरोधकही हेच म्हणत होते की मालक भाडं वाढवतील. जर्मनीत हे तत्त्व १ जून २०१५ पासून आहे. त्याआधी तिथं भाडेकरूकडून दोन महिन्यांच्या भाड्याइतकी दलाली घेता यायची.

हा युक्तिवाद लातूर-नांदेडच्या रूमवर लावून बघू. मला तो तीन ठिकाणी कच्चा वाटतो.

पहिलं म्हणजे, पुस्तकात असं लिहिलेलंच नाही. भार कुणावर पडेल हे लवचिकतेवर ठरतं. ज्याला थांबता येत नाही, पर्याय शोधता येत नाही, त्याच्यावर जास्त. लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरला दहावीच्या निकालानंतर पालक एका दिवसासाठी येतात, त्यांना संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं असतं. त्यांना थांबता येत नाही हे खरं. पण हंगामात रूम भरली नाही तर मालकालाही झळ बसते. म्हणजे बोजा पूर्ण सरकेल, की अर्धा, हे मोजावं लागेल. गृहीत धरता येणार नाही.

दुसरं, धरून चालू की बोजा पूर्ण सरकला. तरी फरक पडतोच. भाडं ६,००० रुपये, दलाली एक महिन्याचं भाडं आणि करार ११ महिन्यांचा, असं उदाहरण घेऊ. दलाली पोरानं भरली तर एकूण खर्च ७२,००० रुपये. मालकानं भरली आणि सगळी भाड्यात घातली तर महिन्याला साधारण ६,५४५. वर्षाची बेरीज तीच. आता पोरगं तीन महिन्यांत परत गेलं, कारण तब्येत, मेसचं जेवण किंवा घरची अडचण. पहिल्या पद्धतीत त्याचे २४,००० गेले, दुसऱ्या पद्धतीत १९,६३५. म्हणजे ४,३६५ रुपयांचा धोका एकाकडून दुसऱ्याकडे गेला. शिवाय जूनमध्ये फी, डिपॉझिट, पुस्तकं सगळं एकदम भरताना ६,००० रोख काढणं आणि ते ११ हप्त्यांत देणं, ही शेतकरी घरासाठी एकच गोष्ट नाही. अर्थात मालकही हा धोका ओळखेल आणि डिपॉझिट वाढवेल. तेही हिशोबात धरायला हवं.

तिसरं, दर कोण ठरवतं? पालक एजंटला आयुष्यात एकदा भेटतात, मालक दरवर्षी. घासाघीस करायची ताकद मालकाकडे आहे, पण पैसे त्याचे जात नसतील तर तो ती कशाला वापरेल?

म्हणून माझं मत: दलाली मालकानं भरावी. पण ‘नेमला त्यानं द्यायचे’ एवढ्या घोषणेनं आपल्याकडे भागणार नाही. कधी एकच एजंट दोन्हीकडून घेतो, कधी मेसवाला किंवा वॉचमनच रूम दाखवतो. नेमलं कुणी, हे सिद्ध कसं करणार? २०१६ च्या रेरा कायद्यातली एजंटची नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांमधल्या खरेदी-विक्रीसाठी आहे, भाड्याच्या रूमसाठी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. ‘११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही’ हा समज इथं चुकीचा ठरतो. दलालीची रक्कम आणि ती कुणी दिली हे याच करारात लिहिणं सक्तीचं केलं, तर नियमाला निदान कागदाचा आधार मिळेल.

या विषयावर प्रबंध करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जानेवारीत रूमवर जाऊन प्रश्नावली भरून घेतली तर तुम्हाला फक्त टिकलेली पोरं भेटतील. मधेच गाव गाठलेली, म्हणजे ज्यांचं दलालीपायी सर्वात जास्त नुकसान झालं ती, नमुन्यात येणारच नाहीत. मग आकडे सांगतील की फारसा फरक पडत नाही, आणि सुरुवातीचं ते हुशार वाक्य खरं ठरल्यासारखं वाटेल. त्यामुळे यादी जूनमध्ये करा, फोन नंबर घ्या, आणि मे महिन्यापर्यंत त्याच पोरांचा पाठपुरावा करा. विचारताना नुसतं भाडं विचारू नका. दलाली, डिपॉझिट, परत मिालेलं डिपॉझिट आणि राहिलेले महिने, हे चारही आकडे घ्या.